बुडवलंय की नाही

जावईबापू ज्या दुकानात पडद्यांचं कापड विकायचे ते दुकान बंद पडलं, आणि इकडेतिकडे हातपाय मारून झाल्यावर ते सासऱ्यांच्या कारखान्यात जायला लागले. 'जावईबापू' हे नाव त्यांना तिथेच चिकटलं. सासरे त्या नावाने हाक मारायचे म्हणून तिथे कामाला असलेल्या मावशी मारायच्या, आणि मावशी मारायच्या म्हणून माल घेऊन येणारा गाडीवाला, गिऱ्हाइकांची माणसं, सगळेच. एकदा तर बायकोच भर माणसांत म्हणाली, "अहो जावईबापू, जरा फोन घ्या," आणि मग तिनेच जीभ चावली.

कारखाना म्हटल्यावर तिथे काहीतरी तयार होत असणार, अशी त्यांची समजूत होती. इथे काहीच तयार होत नव्हतं. दुसरीकडे घडवलेले सुटे भाग खोक्यांतून यायचे. मोडलेल्या हाडाला जोडायच्या टायटॅनियमच्या पट्ट्या, स्टीलचे स्क्रू, शस्त्रक्रियेचे चिमटे, दुधाच्या यंत्रातल्या झडपा. ते प्लास्टिकच्या जाळीदार टोपल्यांत भरायचे, साबणाच्या गरम पाण्यात धुवायचे, ॲसिडच्या टाकीत बुडवून ठेवायचे, पुन्हा धुवायचे, क्षार काढलेल्या पाण्यातून फिरवायचे, गरम हवेवर सुकवायचे. आणि एवढं सगळं करून ते दिसायचे अगदी आले तसेच.

"मग आपण केलं काय?" जावईबापूंनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

सासऱ्यांना शिकवायची हौस. त्यांनी एक स्क्रू चिमटीत धरला. "स्टील गंजत नाही असं लोक म्हणतात. का गंजत नाही? तर त्याच्या अंगावर एक पापुद्रा असतो, कातड्यासारखा. पण मशीनवर कापताना हत्याराचं लोखंड त्याला लागतं, आणि ते लागलेलं लोखंड गंजतं. ॲसिड ते तेवढं खाऊन टाकतं. मग स्टील आपलं कातडं आपणच धरतं."

"आणि टायटॅनियम?"

"त्याचं कातडं जात्याच घट्ट. पण माणसाच्या हाडात बसायचंय म्हटल्यावर त्यालाही आंघोळ घालूनच पाठवायचं. फक्त त्याची टाकी वेगळी. स्टीलच्या टाकीत टायटॅनियम घातलंत तर मावशी तुम्हालाच टाकीत घालतील."

"पण हा पापुद्रा दिसतो का कधी?"

"दिसला तर काहीतरी बिघडलं म्हणायचं!" सासरे म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूष होऊन हसले.

जावईबापूही हसले, पण त्यांना काही उमगलं नव्हतं. पडद्याचं कापड कसं, हातात घेतलं की कळतं. इथे बुडवलेली पट्टी आणि न बुडवलेली पट्टी शेजारी ठेवली तर कुठली कोणती हे त्यांना काय, कुणालाच सांगता आलं नसतं. हळूहळू त्यांनी त्यावर विचार करायचं सोडून दिलं आणि टोपल्या उचलायचं काम मनापासून करू लागले.

कारखान्यात माणसं मोजकीच. टाक्या सांभाळायचे सासरे. धुणं आणि दिव्याखाली धरून तपासणं मावशींकडे. या मावशी कुणाच्याच मावशी नव्हत्या. सासऱ्यांनी पहिली टाकी बसवली तेव्हा त्या कामाला लागल्या आणि राहिल्या. बायको पुढच्या काचेच्या खोलीत बसून फोन, खरेदी आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघायची. जावईबापू पडेल ते काम करायचे.

एके दिवशी ते खोकी उतरवून आत आले, तर सुकवायच्या टेबलावर टायटॅनियमच्या पट्ट्यांची टोपली होती. कोरडी ठणठणीत. शेजारी सासरे चष्मा पुसत उभे होते.

"बाबा, हे झालंय का? पॅक करू?"

"झालं की. करा."

सासरे बाहेर गेले तशा मावशी हातातली टोपली खाली ठेवून जवळ आल्या. आवाज उतरवून म्हणाल्या, "सकाळपासून टाकीवरचा पंखा लावलेलाच नव्हता."

जावईबापूंच्या लगेच लक्षात आलं नाही. मग आलं. पंखा लावल्याशिवाय सासरे टाकीचं झाकण उघडत नसत. ॲसिडची वाफ नाकात गेली की दिवसभर घसा खवखवतो, म्हणून तो त्यांचा नेमच होता. म्हणजे पंखा बंद, तर झाकण बंद. झाकण बंद, तर पट्ट्या कोरड्याच राहिल्या.

ते मागच्या दाराशी गेले. "बाबा, आज पंखा..."

"पंख्याचं काय?"

"सकाळी बंद होता म्हणे."

"कोण म्हणतं? चालू तर आहे!"

जावईबापूंनी मागे वळून पाहिलं. पंखा घरघरत होता. तो आता मावशींनी लावला, की सासऱ्यांनी, की तो सकाळपासूनच चालू होता आणि मावशींचंच चुकलं, काही कळायला मार्ग नव्हता. मावशींना विचारावं तर त्या खांदे उडवून म्हणाल्या, "मी लावला नाही बाई. पण मी म्हणते तेच खरं असंही नाही. माझंही वय झालंय."

त्या दिवशी घरी आल्यावर जावईबापूंनी बायकोपाशी विषय काढला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बाबा हल्ली विसरतात का गं?"

"बाबा?" तिने घडी अर्धवट सोडली. "बाबांना गल्लीतल्या सगळ्यांचे वाढदिवस पाठ आहेत. तुझासुद्धा. तुला तुझा स्वतःचा आठवत नाही."

"तसं नाही. कामात."

"कामात तर मुळीच नाही. आणि विसरण्याच्या गोष्टी तू सांगतोस? काल दिव्याचा बल्ब आणायला गेलास आणि काय घेऊन आलास?"

जावईबापू टॉर्च घेऊन आले होते. बायकोचंही खरंच असेल, त्यांना वाटलं. सहा वर्षं पडदे विकलेल्या माणसाने, चाळीस वर्षं ॲसिडजवळ उभ्या राहिलेल्या माणसावर शंका घ्यायची म्हणजे अतीच. पण ती पट्टी कुणाच्या तरी पायात बसणार होती. कुणाच्या तरी बापाच्या, नाहीतर मुलीच्या. तो विचार मनातून जाईना.

शेवटी त्यांनी आपल्यापुरता एक तोडगा काढला. दुसऱ्यांदा बुडवल्याने नुकसान काही होत नाही, हे सासऱ्यांनीच सांगितलं होतं. मग विचारायचं कशाला आणि वाद कशाला? दुपारी मावशी डबा खायला मागे गेल्या आणि सासरे जरा आडवे झाले की जावईबापू कोपरापर्यंतचे हातमोजे चढवायचे, तोंडापुढे काच घ्यायचे, आणि सकाळी 'झालेली' टोपली गुपचूप पुन्हा बुडवायचे. पाण्यातून काढायचे, सुकवायचे, होती त्या जागी ठेवायचे. आधी शंका येईल तेवढ्याच टोपल्या. मग कुठल्या टोपलीची शंका घ्यावी आणि कुठल्या नाही, तेच ठरेना. मग सगळ्याच.

हे असं महिनाभर तरी चाललं असेल, आणि एक दिवस बायको काचेच्या खोलीतून बाहेर येऊन टाक्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ॲसिड जातंय कुठे?"

मावशी हातातला स्क्रू दिव्याखाली पुन्हा पुन्हा फिरवून बघू लागल्या.

"परवा डबे मागवले, ते संपत आले. शुद्ध पाण्याची गाळणी दर आठवड्याला तुंबते. काम आहे तेवढंच आहे. मग जातंय कुठे?"

"उडत असेल," जावईबापू म्हणाले. "उन्हाने."

"छपराखाली कुठलं ऊन?"

तिने टाक्या बसवणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री टाकीखाली पालथा पडला, बोटांनी टकटक केली, जोडांवर कागद फिरवून पाहिला आणि धूळ झटकत उठला. "टाकी धडधाकट आहे. थेंब गळत नाही. तुमचंच कुणीतरी पीत असेल."

त्या विनोदावर मावशी नको तितक्या जोरात हसल्या. सासरे हसले नाहीत.

जावईबापूंना घोर लागला होता तो भलत्याच कारणाने. टोपली बाहेर काढली की तिच्याबरोबर थोडं ॲसिड जातंच, आणि मग ते पाण्यात धुऊन वाया जातं, हे त्यांना ठाऊक होतं. ते सगळं दोनदा करत होते, म्हणजे खर्च दुप्पट व्हायला हवा. पण जात होतं ते दुपटीच्या पुष्कळ वर. त्यांनी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला, उलटा केला, सुलटा केला. जमेना. मग त्यांना दुसरीच भीती वाटायला लागली. आपणच एखादी टोपली दोनदा, तीनदा बुडवतोय आणि आपल्या लक्षात राहत नाही, असं तर नाही? टॉर्चची गोष्ट आठवली. त्या दिवसापासून ते टोपली ठेवताना स्वतःशी मोठ्याने म्हणायला लागले, "ही झाली." आणि पुढच्या टोपलीशी पोचले की मागचं 'झाली' हे आजचं की कालचं, तेच आठवेनासं व्हायचं.

कामही रेंगाळायला लागलं. दुपारपर्यंत तयार व्हायच्या टोपल्या संध्याकाळ झाली तरी कुठल्या ना कुठल्या पाण्यात असायच्या. बायको विचारायची, "ही अजून ओली कशी?" आणि तिघांपैकी कुणीतरी म्हणायचं, "जरा पुन्हा धुवून घेतली."

मग चिमटे आले.

शस्त्रक्रियेचे बारीक टोकाचे चिमटे, कडक केलेल्या स्टीलचे. मावशींनी खोकं उघडतानाच सांगितलं होतं, "ही जात नाजूक बरं का. हिला ॲसिड जास्त सोसत नाही. एकदा बुडवायचं, वेळेत काढायचं, की सुट्टी." जावईबापूंनी ते ऐकलं होतं, मान डोलावली होती. पण दुपार झाली, शेडमध्ये कुणी नव्हतं, टोपली टेबलावर कोरडी होती, आणि त्यांच्या मनात तोच किडा वळवळायला लागला. नाजूक आहे म्हणून न बुडवता पाठवली, आणि चिमटे गंजले, तर? थोडाच वेळ बुडवू. त्यांनी बुडवली.

टोपली वर काढली तेव्हा चिमटे काळे पडले होते. अगदी कोळशासारखे नव्हे. शिशासारखे, मळकट, हातावर घासले तर डाग पडेल असे. पाण्यातून काढले तरी तसेच. त्यांनी एक चिमटा अंगठ्याने घासला. फरक नाही.

ते ती टोपली हातात घेऊन तसेच उभे होते, हातमोज्यांवरून पाणी निथळत होतं. तेवढ्यात एका दाराने मावशी आल्या आणि दुसऱ्या दाराने सासरे.

"अरे देवा," मावशी म्हणाल्या.

"माझं चुकलं," जावईबापू म्हणाले.

"नाही, माझं," मावशी म्हणाल्या.

"तुमचं कसं? आत्ता मी बुडवले. झाले होते तरी बुडवले."

"तुम्ही आत्ता बुडवले, पण मी त्याच्या आधी बुडवले होते. तुम्ही गाडी उतरवायला गेलात ना, तेव्हा." मावशींनी ओढणीने कपाळ पुसलं. "मी रोजच बुडवते. त्या पंख्याच्या दिवसापासून."

जावईबापू त्यांच्याकडे बघतच राहिले. "रोज? सगळ्या टोपल्या?"

"मग काय करू? मालकांना तोंडावर कसं विचारू, की केलंत का नाही?"

"पण मी पण रोज..."

दोघांनी एकदमच सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे स्टुलावर बसले होते. एकेक बोट सोडवत ते हातमोजा काढत होते, जणू त्या कामाला सगळा दिवस पुरवायचा होता.

"सकाळी मी दोनदा बुडवले," ते म्हणाले. "पहिल्यांदा बुडवल्याचं आठवेना, म्हणून."

पंखा घरघरत होता. पाण्याच्या टाकीत नळाची धार पडत होती, ती मावशींनी जाऊन बंद केली.

"कधीपासून होतंय असं?" जावईबापूंनी विचारलं.

"तेच तर आठवत नाही," सासरे म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं, आणि ते मध्येच कुठेतरी तुटलं.

बायको दारात कधीची उभी होती कुणास ठाऊक. ती आत आली ती तणतणतच. "तिघं! तिघांपैकी एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही? मी मिस्त्री बोलावला. मी टाकीखाली कागद फिरवून घेतले. एकेक टोपली चार-चारदा बुडवताय आणि मला सांगताय, ऊन!" मग तिची नजर वडिलांच्या हातांवर गेली. उघड्या मनगटांवर लाल चट्टे होते, खाजवून खाजवून सोललेले. ती पुढे होऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी सासऱ्यांना वार विचारला, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. एक शब्द सोडून सासऱ्यांना सगळं जमलं. त्या एका शब्दासाठी ते बाहेर पडेपर्यंत छताकडे बघत होते.

"कुठली औषधं चालू आहेत?"

"एकही नाही," सासरे म्हणाले.

"खाजेच्या गोळ्या?" बायको म्हणाली. "बाबा, खिशात काय आहे?"

खिशातून गोळ्यांची पट्टी निघाली. हातमोज्यांच्या रबराने खाज सुटायची, म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेली. सकाळ-संध्याकाळ, आणि जास्त खाजलं तर मधेही. कधीपासून घेताय म्हटल्यावर ते म्हणाले, "बरेच दिवस झाले. ते काय औषध आहे होय? खाजेची तर गोळी."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "या गोळ्यांनी झापड येते. या वयात विसरायलाही होतं. आजपासून बंद. रक्त तपासून घेऊ, आणि काही दिवसांनी पुन्हा या."

जावईबापूंना राहवेना. "म्हणजे हे गोळ्यांनीच झालंय ना?"

"असेल. नसेलही. बंद करून बघू."

हो किंवा नाही, एवढं एकच ऐकायला ते तिथवर आले होते. आता नुसती वाट बघत बसायची पाळी आली. आनंद मानावा तर घाई, रडावं तर उगाच. बायकोने बाहेर येऊन दोन्ही केलं, एकापाठोपाठ एक, आणि मग रुमाल शोधत म्हणाली, "मला काहीच कळत नाहीये."

चिमट्यांसाठी गिऱ्हाइकाकडे जायला सासरे आणि जावईबापू दोघं गेले. टोपली जशीच्या तशी नेली. तिथल्या तपासणीच्या बाईंनी एक चिमटा भिंगाखाली धरला, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाल्या की हे पुन्हा घासून पॉलिश करावे लागतील, ते तुमच्याकडून. सासऱ्यांनी कबूल केलं. मग बाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "पण एक विचारायचं होतं. गेल्या काही खेपांचा तुमचा माल गंजतो का ते बघायला आम्ही मिठाच्या फवाऱ्यात ठेवून पाहिला. इतका स्वच्छ माल आम्हाला कुणाकडूनच येत नाही. काय बदललंत?"

जावईबापूंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे टेबलावरच्या भिंगाकडे बघत होते.

"धुणं वाढवलं," सासरे म्हणाले.

"मग तसंच चालू ठेवा."

बाहेर फाटकापाशी येईपर्यंत सासऱ्यांनी दम धरला आणि मग भिंतीला हात टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जावईबापूंनाही हसू आवरेना. हसून झाल्यावर सासरे गंभीर झाले.

"तुम्ही माझ्यामागून टोपल्या बुडवत होतात. मला एकदा विचारायचं होतं, जावईबापू."

"विचारलं होतं, बाबा. तुम्ही 'झालं' म्हणालात."

"हं." थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "मग मी काय म्हणायला हवं होतं?"



गोळ्या बंद झाल्या. रबराऐवजी दुसऱ्या जातीचे हातमोजे आणले, मनगटं सुधारली. सासऱ्यांचं बोलणं पूर्वीसारखं तरतरीत झालं, निदान बायकोला तसं वाटलं. मावशींना वाटलं की ते आधीही तसेच होते. पण टाकीपाशी ते एकटे उभे राहीनात. टोपली बुडवायच्या आधी मावशींना हाक मारायचे, "बघा हं, बुडवतोय." काढताना पुन्हा, "बघा हं." मावशी म्हणायच्या, "बघितलं हो, बघितलं." नाजूक जातीचं स्टील त्यांनी स्वतःहून जावईबापूंच्या हाती दिलं, आणि टायटॅनियम आपल्याकडे ठेवलं. त्याचं कातडं जात्याच घट्ट.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे कागद पाहिले, पुन्हा शब्द विचारले. या वेळी सगळे जमले. "छान," त्या म्हणाल्या. "तरी काही महिन्यांनी एकदा दाखवून जा."

"छान आहे तर दाखवायचं कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"बघायला," त्या हसून म्हणाल्या.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरून सासरे आणि जावईबापू रस्त्यावर आले. ऊन उतरलं होतं. सासरे म्हणाले, "चालत जाऊ." मग चालता चालता त्यांनी पहिल्या टाकीची गोष्ट काढली. ती कशी जुन्या बाजारातून आणली, दारातून आत जाईना, मग भिंतच कशी फोडावी लागली. ही गोष्ट जावईबापूंनी आधी ऐकली होती. एकदा नक्की, बहुतेक दोनदा. हे विसरणं म्हणायचं, की सगळेच बाप आपल्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात तसं म्हणायचं, हे त्यांना ठरवता येईना. त्यांचे स्वतःचे वडीलही एकच गोष्ट दहादा सांगायचे, आणि ते शेवटपर्यंत धडधाकट होते.

"भिंत कुणी फोडली?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं.

सासरे थांबले. "मावशींनी," ते म्हणाले. "त्या तेव्हा शेजारच्या घरात राहायच्या. आवाज ऐकून भांडायला म्हणून आल्या होत्या, आणि पहार माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, असं फोडाल तर संध्याकाळ होईल."

हे जावईबापूंना नवीन होतं. ते हसले, आणि पुढे काय झालं म्हणून विचारत सासऱ्यांच्या जोडीने चालू लागले.